जुनी क्रीडामोटार : तपासणी व निगा



दसऱ्याच्या दिवशी दसरा चौकात छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार येते, तेव्हा आपण सारे टाचा उंचावून तिच्याकडे पाहतो. तिचा रुबाब डोळ्यांत भरतो. परंतु वर्षभर तिच्या तेलपाण्याची चिंता वाहणारे हात कोणाच्या दृष्टीस पडत नाहीत. त्या हातांच्या विद्येविषयी आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

मागे एका दिवाळीच्या सुटीत माझा एक जुना विद्यार्थी तांबड्या रंगाची दोन आसनांची क्रीडामोटार घेऊन माझ्या दारी आला. ती सॅन स्टॉर्म होती. उघड्या टपाची ही मोटार १९९८ च्या सुमारास गोव्यात तयार होऊ लागली. तिचे बाह्यांग काचतंतूचे, व एंजिन रेनॉ या फ्रेंच कारखान्याचे, ११४९ घनसेंटीमीटरचे. पूर्वीच्या धन्याकडे कित्येक वर्षे उभी असलेली ती गाडी त्याने नुकतीच विकत घेतली होती. सोबत त्याची नऊ वर्षांची कन्या होती.

"सर, उद्या पहाटे हिला घेऊन आंबा घाटाने रत्नागिरीस जातो. एंजिन कसे गोड चालते, ऐका!"

एंजिन खरोखरच गोड चालत होते. मी म्हणालो, "चालते ते ऐकले. आता थांबते का, ते पाहू."

जुन्या मोटारीच्या तपासणीचा पहिला नियम हाच. जे थांबविते ते प्रथम पाहावे, जे धरून ठेवते ते त्यानंतर, व जे पळविते ते शेवटी.

ब्रेकवर पाय दिला म्हणजे तो दाब नळ्यांतील द्रवाच्या द्वारे चाकांपर्यंत पोहोचतो. द्रव दाबला जात नाही, म्हणून ही योजना चालते. परंतु हा द्रव हवेतील ओलावा हळूहळू शोषून घेतो. डॉट ४ या प्रतीचा नवा द्रव निदान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही. त्यात शेकडा पावणेचार भागांच्या आसपास पाणी मुरले, म्हणजे ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरू शकते. लांब उतारावर ब्रेक तापतात, द्रव उकळतो व त्याची वाफ होते. वाफ मात्र दाबली जाते. मग पाय खाली जातो आणि गाडी थांबत नाही! म्हणून साधारणपणे दर दोन वर्षांनी हा द्रव बदलावा. आमच्या त्या गाडीतील द्रव चहासारखा काळपट झाला होता, आणि ब्रेक दाबून धरला असता पाय सावकाश खाली सरकत होता.

यानंतर टायर. नक्षी ठळक दिसते एवढ्यावरून भुलू नये. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे व शेवटचे दोन वर्षाचे. २३१४ म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा. उभ्या गाडीचे रबरही म्हातारे होते व त्यास बारीक चिरा पडतात.

मग मोटारीचे पोट पाहावे. काचतंतूस गंज चढत नाही, पण आतील लोखंडास चढतो. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत तर अधिकच. मात्र केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. गाडी सपाट जागी उभी करावी, चाकांस दगड लावावेत, भक्कम लोखंडी आधार द्यावेत, आणि मगच खाली जावे.

शेवटी एंजिन. तेलाची पातळी व रंग पाहावा. पेट्रोलच्या रबरी नळ्या वाकवून पाहाव्यात. चीर अथवा वास आढळल्यास गाडी चालू करू नये, कारण तेथे आगीचे भय आहे. एंजिन तापलेले असता पाण्याचे झाकण उघडू नये. झडपांची वेळ राखणारा दातेरी पट्टा केव्हा बदलला याची नोंद नसेल, तर तो बदललाच नाही असे समजावे.

तपासणी संपली तेव्हा कन्येचा चेहरा उतरला होता. तिचा पिता बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने किल्ली खिशात टाकली. दुसऱ्या दिवशी ती दोघे एस. टी. ने रत्नागिरीस गेली. पुढे शिवाजी उद्यमनगरातील एका मिस्त्रींनी तीन आठवडे खपून ब्रेक, टायर, नळ्या व पट्टा बदलला, आणि प्रत्येक कामाची तारीख एका वहीत लिहून दिली. घाटाची सहल नाताळात झाली. निघण्यापूर्वी ती मुलगी वही उघडून बापास विचारीत होती, "बाबा, ब्रेक पाहिला का?"

पालकहो, आपल्या घरी मोटार नसेल, पण सायकल असेलच. रविवारी सकाळी मुलास हाताशी घेऊन तिचे ब्रेक, टायर व साखळी तपासा, आणि तारीख लिहून ठेवा. ही सवय लहानपणीच लागली, तर उद्या घाटाच्या उतारावर ती त्याच्या उपयोगी पडेल.