ओरडा बसणार नाही, हे आधी सांगा



दिवाळीची सुट्टी लागली की घराघरांत सूचनांचा पाढा सुरू होतो. गॅसला हात लावू नकोस, काडेपेटी घेऊ नकोस, आम्ही आल्याशिवाय फटाके नकोत. सूचना सगळ्या रास्तच आहेत. पण समजा, पेटलंच काही, तर काय करायचं? ते मात्र आपण मुलांना सांगत नाही. सणासुदीला अभद्र कशाला बोलायचं, असंही मनात येतं. मग पणतीने पडदा पेटला की मुलाला आगीच्या आधी आठवतो तो आईचा राग, आणि ते लपतं. पलंगाखाली, कपाटात, बाथरूममध्ये. आग लागल्यावर लहान मुलं लपून बसतात आणि हाका मारल्या तरी ओ देत नाहीत, हे अग्निशमन दलाच्या जवानांना चांगलं ठाऊक असतं.

म्हणून यंदा कंदील लावण्याआधी मुलांना जवळ बसवा आणि शब्द द्या, ''काहीही पेटलं, कुणाच्याही हातून पेटलं, तरी तू आधी बाहेर यायचं आणि ओरडून सांगायचं. तुला कुणी बोलणार नाही.'' तो शब्द पाळायचाही आहे. फुलबाजीने नव्या चादरीला भोक पडल्याचं मुलाने आपण होऊन सांगितलं, तर त्या दिवशी चादरीचा विषय काढू नका. आज त्यावरून धपाटा बसला, तर उद्या ते मोठी गोष्टही दडवील.

आता स्वयंपाकघर. चकलीचा घाणा कढईत असतो, तेवढ्यात दाराची बेल वाजते, शेजारीण फराळाचं ताट घेऊन आलेली असते आणि दोन मिनिटांच्या गप्पा दहा मिनिटांवर जातात. इकडे तेलातून निळसर धूर निघू लागतो. तो धूर म्हणजे शेवटचा इशारा. दाराशी जायचं तर गॅस बंद करूनच जा. तेलाने पेट घेतलाच, तर गॅस बंद करायचा, कढईवर झाकण सरकवायचं आणि ती पूर्ण थंड होईपर्यंत झाकण उचलायचं नाही. कढई उचलून मोरीकडे पळायचं नाही आणि पाणी तर मुळीच ओतायचं नाही. पाणी तेलाच्या तळाशी जातं, क्षणात त्याची सुमारे १७०० पट वाफ होते आणि ती वाफ पेटतं तेल छतापर्यंत उडवते. कढईवर नीट बसणारं झाकण तळण सुरू करतानाच हाताशी ठेवा आणि ते कशासाठी, हे मुलांनाही सांगा. त्यांनी स्वतः मात्र झाकण टाकायला जायचं नाही, आपल्याला हाक मारायची.

गॅसचा वास आला तर दिव्याचं बटण चालूही करायचं नाही आणि बंदही करायचं नाही, कारण दोन्ही वेळा ठिणगी पडू शकते. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, सगळे बाहेर पडा आणि बाहेरून १९०६ ला फोन करा.

दिवाणखान्यातलं संकट सोफ्यामागे असतं. एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर आकाशकंदील, दिव्यांच्या माळा, टीव्ही, मोबाईलचा चार्जर. नाताळ जवळ आला की त्यात चांदणीची भर. थंडी वाढली की नाशिक-नागपूरकडे त्याच बोर्डवर रूम हीटरही येतो. साधा ६ अँपिअरचा प्लग १३००-१४०० वॅटपर्यंतचाच भार घेतो आणि मोठा हीटर एकटाच २००० वॅट ओढतो. एक संध्याकाळ सोफा पुढे ओढून पाहा. पांढरा प्लग पिवळट-तपकिरी पडला असेल, गरम लागत असेल, तर तो बोर्ड आजच बाद करा. झोपताना आणि बाहेर पडताना माळा बंद. पणत्या पडद्यापासून लांब, पाण्याच्या परातीत. फटाक्यांच्या वेळी अंगात सुती कपडे, पायांत चपला आणि शेजारी पाण्याची बादली. विझलेली फुलबाजीही तिच्यातच टाकायची, कारण तार बराच वेळ तापलेली असते.

दिवाळीच्या साफसफाईत निघालेल्या जुन्या गाद्या, खोके, कपड्यांची गाठोडी कुठे जातात? जिन्याखाली नाहीतर पार्किंगमध्ये. ६ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे मुंबईत गोरेगावच्या जय भवानी इमारतीत आग लागली ती खाली पार्किंगमध्ये. तिथे गाड्यांबरोबर कपड्यांचे गठ्ठेही होते. धूर जिन्यातून वर चढला आणि माणसं झोपेतच कोंडली गेली. किमान सात जणांचा जीव गेला. धूर वर चढतो, जमिनीलगत श्वास घेण्याजोगी हवा उरते. म्हणून मुलांना रांगत दाराकडे जायला शिकवा. तीन-चार वर्षांची मुलं याचा खेळच करतात.

नोकरीवर जाताना आजी आणि नातवंडं घरात असतील, तर बाहेरून कुलूप घालू नका. ग्रिलच्या खिडकीची चावी मुलाचा हात पोचेल अशा खिळ्याला असू द्या. १०१ आणि ११२ हे नंबर, इमारतीचं नाव आणि जवळची खूण मुलांकडून पाठ करून घ्या. बाहेर पडल्यावर सगळ्यांनी कुठे जमायचं, ते ठरवा. गेटजवळचा वॉचमनचा कट्टाही चालेल. एकदा बाहेर आलं की बाहुलीसाठी, मोबाईलसाठी, मांजरासाठीसुद्धा परत आत जायचं नाही. भाजलंच तर हळद नको, टूथपेस्ट नको, बर्फ नको. २० मिनिटं साध्या वाहत्या पाण्याखाली धरा आणि मग डॉक्टरांकडे न्या.

वसुबारसेला पहिली पणती लागायच्या आत घरातल्या सगळ्यांना घेऊन एकदा दारापासून गेटपर्यंत चालून या. मुलांना पुढे ठेवा, वाट त्यांना दाखवू द्या. जिन्यात कुणाचं खोकं आडवं आलं, तर त्याच दिवशी ते हलवून घ्या.