माळ जाळू नका

यंदा परतीचा पाऊस समाधानकारक झाल्यामुळे माणदेशातील गायराने चांगली वाढली, आणि आता फाल्गुनाच्या तोंडावर ते वाळलेले गवत पेटवून देण्याची जुनी खोड गावोगाव पुन्हा डोके वर काढीत आहे. दर दोन दिवसांनी कोठून तरी वणव्याची वर्दी येते आणि चौकशीअंती ‘आग आपोआप लागली’ असाच जबाब नोंदवावा लागतो.

जाळल्याने गवत जोमाने फुटते, ही समजूत अर्धसत्य आहे. हिरवा फुटवा दिसतो खरा. परंतु पावसाच्या अभावी तो मुळांत साठविलेल्या अन्नावरच निघतो. मुरमाड माळावर मातीचा थर वीतभर, पाऊस वर्षाकाठी बेताचाच आणि तोही बहुतेक चार महिन्यांतला. अशा ठिकाणी जनावरांनी तो फुटवा वारंवार खुडला की पवन्या व डोंगरी ही उत्तम गवते क्षीण होतात. कुसळी गवताचे बी मात्र ओल लागताच पिळवटणाऱ्या कुसळाच्या बळावर जमिनीत शिरून बसते, त्यामुळे ते आगीतून वाचते आणि रान कुसळीच्या ताब्यात जाते.

राखेचे खत होते म्हणणाऱ्यांनी पहिल्या वळवात ओढ्याचे पाणी पाहावे. उघड्या मुरमावर थेंबांचा मारा बसून छिद्रे बुजतात आणि पाणी राखेसह मातीही घेऊन जाते. मग पाऊस पूर्वीइतकाच पडूनही माळ अधिक कोरडा राहतो.

एका गावी एकाच उताराचे दोन भाग पाहिल्याचे स्मरते. ज्या भागातील गवताचा लिलाव होऊन कापणी होई तेथे पवन्या टिकून होता; दरसाल जळणाऱ्या भागात कुसळी आणि जनावरे तोंड न लावणारा तरवड एवढेच उरले होते. तरीही पंचमंडळींचा अर्ज सुधारित बियाण्यासाठी! शिवाय खालच्या खोलगट काळ्या जमिनीत बाभूळ वाढते म्हणून त्यांनी ती वीतभर मातीच्या उतारावर लावली होती. वस्तुतः खाली वाहून आलेले पाणी साठते म्हणून तेथे मारवेल गवत माजते, आणि उन्हाळी भेगांनी कोवळी मुळे तुटत असताही बाभूळ तग धरते. उतारावर ती ओल कोठून आणणार?

तेव्हा उभे गवत आताच कापून गंजी रचावी आणि त्याची कुट्टी मीठ-गुळाचे पाणी शिंपडून जनावरांना घालावी. गायरानाभोवती किमान १५ फुटांची जाळरेषा साफ ठेवावी. आळीपाळीने एक हिस्सा पावसाळाभर चराईस बंद करावा, आणि कुसळी असेल तेथे पुढील साली कुसळ कडक होण्यापूर्वी, फुलोऱ्यातच, कापणी उरकावी. हे सोडून जे गाव माळ पेटवील, त्याने चैत्र-वैशाखात चाऱ्याच्या मदतीसाठी कचेरीचे उंबरठे झिजवू नयेत.