अभ्यासपाठ : वैद्य कोणाला म्हणायचं?

॥ श्रीगुरुभ्यो नमः ॥



गेल्या काही दिवसांत तीन केंद्रांतून तीन प्रश्न आले. शब्द निराळे, पण मूळ एकच. बडोद्याच्या एका ताईंनी विचारलं, "सुनेने तीन महिन्यांचा ऑनलाइन वनौषधी कोर्स केलाय, छान प्रमाणपत्रही आलंय. आता तिने सत्संगातल्या लोकांना औषध दिलं तर चालेल का?" ग्वाल्हेरच्या काकांकडे वडिलांची 'वैद्य विशारद' पदवी फ्रेम करून भिंतीवर लावलेली आहे, आणि ते स्वतः वडिलांच्याच वहीतले काढे लोकांना देतात. बेळगावकडच्या एका दादांनी विचारलं की आमच्या गावचे हाड बसवणारे आजोबा पिढीजात आहेत, त्यांच्याकडे कागद नाही, मग ते खोटे का?

या तिन्ही प्रश्नांची उत्तरं वेगवेगळी आहेत. म्हणून हा पाठ थोडा लांबला आहे. चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट, 'पूर्वी कुठे डिग्र्या होत्या?' हे वाक्य आपण फार सहज बोलतो. पूर्वी छापील कागद नव्हता हे खरं. पण परीक्षा होती, आणि ती आजच्यापेक्षा सोपी नव्हती. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात एक अख्खा अध्याय फक्त हात तयार करण्यावर आहे. शिष्याने सगळं शास्त्र ऐकलं, पाठ केलं, तरी त्याला लगेच माणसाच्या अंगाला हात लावू द्यायचा नाही. आधी कोहळा, दुधी, कलिंगड, काकडी यांच्यावर कापण्याचा सराव करायचा. मेलेल्या जनावराच्या शिरा आणि कमळाचे देठ घेऊन वेध करायला शिकायचं. टाके घालायला कापडाची कड आणि मऊ कातडं. पट्टी बांधायला माणसाच्या आकाराचा बाहुला. आता बघा, आजच्या मेडिकल कॉलेजात मॅनेकिन असतं ना, तेच हे!

त्याच ग्रंथात पुढच्या अध्यायात सांगितलंय की शिकून, सराव करून, शस्त्रकर्म स्वतः पाहून झाल्यावर वैद्याने राजाची अनुज्ञा घ्यावी आणि मगच चिकित्सेला बाहेर पडावं. राजाची अनुज्ञा म्हणजे काय, तर आजच्या भाषेत रजिस्ट्रेशन. ही इंग्रजांनी लादलेली कल्पना नव्हे.

चरकाचार्यांचा एक मुद्दा तर वनौषधीच्या छंदात पडलेल्या प्रत्येकाने मनात ठेवावा असा आहे. ते म्हणतात, रानात हिंडणारे गुराखी आणि मेंढपाळसुद्धा झाडांची नावं आणि रूपं ओळखतात. पण कोणत्या माणसाला, कोणत्या ऋतूत, किती मात्रेत, कशाबरोबर द्यायचं, हे जो जाणतो तो वैद्य. झाड ओळखणं ही पहिली पायरी झाली, जिना अजून वर बाकी आहे. आणि हो, चरकांनी शिष्याची पारख सांगितली तशी गुरूची पारखही सांगितली आहे. शिकायला जाणाऱ्याने आधी शास्त्र कोणतं ते पाहावं, मग शिकवणारा कसा आहे ते पाहावं. हे आपल्याकडे, गुरुपरंपरा मानणाऱ्या घरात, मुद्दाम वाचायला हवं.

आता आजचा रस्ता.

आपल्या देशात आयुर्वेदाचा वैद्य व्हायचं तर बारावीला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र घेऊन, 'नीट' परीक्षा देऊन बी.ए.एम.एस.ला प्रवेश घ्यावा लागतो. साडेचार वर्षं अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप, एकूण साडेपाच वर्षं. यात शरीररचना, रोगनिदान, प्रसूती, शल्य, बालरोग सगळं येतं. वनौषधींचा विषय म्हणजे द्रव्यगुण. औषध कसं बनवायचं ते रसशास्त्र आणि भैषज्यकल्पनेत. विषाचा अभ्यास अगदतंत्रात. नंतर तीन वर्षांचं एम.डी. वेगळं. या सगळ्यावर देखरेख ठेवणारी संस्था म्हणजे भारतीय वैद्यक पद्धती राष्ट्रीय आयोग. तो 2020 च्या कायद्याने आला. त्याआधी 1970 च्या कायद्याखाली केंद्रीय परिषद होती.

पदवी मिळाली की काम संपलं असं नाही. राज्याच्या परिषदेत किंवा मंडळात नोंदणी करावी लागते, नोंदणी क्रमांक मिळतो, तेव्हा दवाखाना उघडायचा. आपल्या भागात ही नोंदणीची पद्धत बरीच जुनी आहे. मुंबई प्रांतात 1938 च्या कायद्याने वैद्य-हकिमांची नोंदवही सुरू झाली, आणि तेव्हा बेळगाव मुंबई प्रांतातच होतं.

एवढी वर्षं कशाला लागतात, असं कोणी विचारलं तर आम्ही ब्राह्मीचं उदाहरण देतो. आपल्या बहुतेक घरांत 'ब्राह्मी' म्हणून जी गोल, मूत्रपिंडासारख्या पानाची वेल कुंडीत असते ती मंडूकपर्णी. ग्रंथातली ब्राह्मी म्हणून वैद्य जी वापरतात ती ओलसर जागी पसरणारी, बारीक जाडसर पानांची. दोन्ही उपयोगी, पण दोन्ही वेगळ्या. शंखपुष्पीच्या नावाखालीही बाजारात निरनिराळ्या वनस्पती येतात. नाव एकच आणि पुडीत भलतंच, हे रोजचं आहे.

दुसरं उदाहरण जेष्ठमधाचं. खोकल्याला तुकडा चघळला तर काही होत नाही. पण रक्तदाबाच्या माणसाने रोज, जास्त मात्रेत, महिनोन्महिने घेतलं तर रक्तदाब वाढतो आणि शरीरातलं पोटॅशियम कमी होतं. त्यात ती व्यक्ती लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेत असेल तर आणखी वाईट. 'नैसर्गिक आहे, साइड इफेक्ट नाही' हे वाक्य समूहावर आलं की आम्हाला बिब्बा आठवतो. बिब्बाही नैसर्गिकच की! अंगावर फोड येऊन ज्याने भोगलंय त्याला विचारा. बिब्बा, बचनाग, धोतरा, कुचला, गुंज ही सगळी औषधात वापरतात, पण शुद्धी करून. औषध कायद्याच्या नियमांत अशा विषारी द्रव्यांची वेगळी यादीच आहे. त्यातलं द्रव्य असलेल्या औषधावर वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे अशी सूचना छापावी लागते.

तर मग बडोद्याच्या ताईंच्या सुनेचं काय? कोर्स वाईट नाही. तीन महिने झाडं ओळखायला, घरच्या बागेत लावायला, स्वयंपाकात वापरायला, मुलांना शिकवायला तिने जरूर ते ज्ञान वापरावं. कौतुकच आहे. पण ते प्रमाणपत्र म्हणजे चिकित्सेचा परवाना नव्हे. त्यावर 'सर्टिफाइड' लिहिलेलं असलं, सोनेरी शिक्का असला, परदेशी संस्थेचं नाव असलं, तरी नव्हे. आजारी माणसाला तपासून औषध देणं हे नोंदणीकृत वैद्याचंच काम. तिला खरोखर या मार्गाने जायचं असेल आणि वय-परिस्थिती जमत असेल, तर बी.ए.एम.एस. आहे. नसेल जमत, तर आयुर्वेदिक फार्मसीचे अभ्यासक्रम आहेत, पंचकर्म सहायकाचं प्रशिक्षण आहे. वैद्याच्या हाताखाली काम करणं हे कमीपणाचं नाही. उलट चांगला मसाज करणारा, चांगला काढा उकळणारा हात मिळत नाही ही वैद्यांची कायमची तक्रार असते.

ग्वाल्हेरच्या काकांचा प्रश्न नाजूक आहे, कारण त्यात वडिलांचा मान आहे. प्रयागच्या हिंदी साहित्य संमेलनाच्या 'वैद्य विशारद' आणि 'आयुर्वेद रत्न' या पदव्या हिंदी पट्ट्यातल्या पुष्कळ मराठी घरांत सापडतात. त्या खोट्या नव्हत्या. 1931 ते 1967 या काळातल्या पदव्यांना कायद्याच्या परिशिष्टात मान्यता आहे. 1967 नंतरच्यांना नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये हे कायम केलं. म्हणजे वडिलांची पदवी त्या काळातली असेल, तर ते त्यांच्या हयातीत मानाने वैद्य होते. पण पदवी वारसाहक्काने येत नाही हो काका! घर येतं, शेत येतं, खलबत्ता येतो, वही येते. वैद्यकी येत नाही. ती वही मात्र जपून ठेवा. आणि नुसती ठेवू नका, इंदूर-ग्वाल्हेरला शासकीय आयुर्वेद महाविद्यालयं आहेत, तिथल्या द्रव्यगुणाच्या प्राध्यापकांना दाखवा. तिच्यातलं काही अजून कोणी नोंदवलेलं नसेलही.

बेळगावच्या आजोबांबद्दल आम्हाला सगळ्यात जास्त विचार करावा लागला. केरळातल्या पारंपरिक वैद्यांच्या संघटनेचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. एप्रिल 2018 मध्ये न्यायालयाने सांगितलं की मान्य शिक्षण आणि नोंदणी नसताना केवळ परंपरेच्या आधारावर वैद्यकी करता येणार नाही. हे ऐकायला कडू आहे. आमचं मत विचाराल तर निकाल योग्य आहे, पण त्याने ज्ञानाचा प्रश्न सुटत नाही. त्या आजोबांच्या बोटांत जे आहे ते कुठल्या पुस्तकात नाही. यासाठी एक वाट निघाली आहे. बंगळुरूच्या एफ.आर.एल.एच.टी. या संस्थेने अशा लोकवैद्यांवर बरंच काम केलंय, आणि क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाने त्यांच्यासाठी ऐच्छिक प्रमाणनाची योजना केली. हाड बसवणं, सुईणपण, कावीळ अशा एकेका कौशल्याची परीक्षा होते. लेखी कमी, करून दाखवणं जास्त. त्याने आजोबा कायद्याने डॉक्टर होत नाहीत, हे स्पष्ट समजून घ्या. पण त्यांच्या कामाची कोणीतरी पारख केली एवढं तरी होतं. तोवर गावकऱ्यांनी एक करावं. हाड मोडल्याची शंका असेल तर आधी एक्स-रे. बोटं थंड किंवा काळी पडली, मुंग्या आल्या, तर पट्टी सोडून थेट रुग्णालय. आजोबा जाणते असतील तर तेच सांगतील.

काही जण म्हणतील, गुरूकृपेने ज्याला विद्या मिळाली त्याला कागद कशाला? गुरु-शिष्य पद्धत सरकारनेही सोडलेली नाही. दिल्लीला 1988 पासून राष्ट्रीय आयुर्वेद विद्यापीठ आहे. तिथे देशभरच्या अनुभवी वैद्यांकडे शिष्य पाठवतात, गुरूंजवळ बसून वर्षभर रोगी पाहायचे, औषध करायचं. पण तिथे शिष्य म्हणून जायला आधी बी.ए.एम.एस. लागतं. कृपा आणि कागद यांचं भांडण नाही.

पदवी असली तरी दुसऱ्याच्या शास्त्रात हात घालायचा नाही, हेही लक्षात असू द्या. 1996 च्या एका प्रसिद्ध निकालात होमिओपॅथीच्या डॉक्टरने ॲलोपॅथीची औषधं दिली आणि रुग्ण दगावला. ज्या पद्धतीचं शिक्षण नाही ती वापरणारा भोंदूच, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं.

आता आपल्या समूहांबद्दल थोडं. मधुमेह, कर्करोग, लकवा, रक्तदाब अशा आजारांवर हमखास उपाय म्हणून औषधाची जाहिरात करायला 1954 च्या कायद्याने बंदी आहे. वैद्यालाही नाही, कंपनीलाही नाही. मग आपण रोज सकाळी जे फॉरवर्ड करतो ते काय? आमच्या माहितीत एका घरी असंच झालं. टाइप वनच्या मधुमेहाच्या मुलाचं इन्सुलिन 'फक्त आठ दिवस काढा घेऊन बघू' म्हणून थांबवलं. तिसऱ्या दिवशी पोर उलट्या करत, धापा टाकत अतिदक्षता विभागात. वाचलं. काढा देणाऱ्याच्या पाटीवर नावामागे चार अक्षरं होती, नोंदणी क्रमांक मात्र कुठेच नव्हता. हैदराबादकडच्या लोकांना पाट्यांवरची ही अक्षरं नवीन नाहीत. 'आर.एम.पी.' वाचलं की 'रजिस्टर्ड' असेल असं आपण धरून चालतो. कुठे रजिस्टर्ड, हे कोणी विचारत नाही.

विचारायचं कसं, संकोच वाटतो, असं बऱ्याच जणी म्हणतात. सरळ म्हणायचं, "वैद्यराज, फाइलवर लिहायला आपला नोंदणी क्रमांक हवा होता." खरा वैद्य रागावत नाही, बहुधा तो चिठ्ठीवर छापलेलाच असतो. शंका आली तर त्या राज्याच्या परिषदेकडे विचारता येतं. आणि जवळच्या महाविद्यालयाच्या रुग्णालयात तर शिकलेले वैद्यच बसतात. गोव्यात शिरोड्याला आहे, धारगळला 2022 मध्ये अखिल भारतीय आयुर्वेद संस्था सुरू झाली, बेळगावात शहापूरला आहे, बडोद्यात आहे, हैदराबादेत एर्रागड्ड्याला आहे.

यापुढे आपल्या केंद्रांतल्या आरोग्य शिबिरांत सेवा देणाऱ्या प्रत्येक वैद्याचं नाव नोंदणी क्रमांकासह फलकावर लिहायचं आहे. केंद्रप्रमुखांनी यात भीड ठेवू नये, मग तो वैद्य आपल्याच घरातला का असेना.

येत्या रविवारी घरच्या अभ्यासाला बसाल तेव्हा औषधांचा डबा मधोमध ठेवा. एकेक बाटली, एकेक पुडी काढून मुलांना लेबल वाचायला लावा. 'आयुर्वेदिक औषध' असं लिहिलंय का, घटकांची यादी, परवाना क्रमांक, बॅच, मुदत आहे का? की फक्त एफ.एस.एस.ए.आय.चा क्रमांक आहे, म्हणजे ते खाद्य म्हणून विकलं जातंय? जिच्यावर काहीच नाही ती पुडी कोणी दिली, कधी दिली, हे आजीला आठवतंय का ते विचारा. पुढचा पाठ लेबलावरच आहे.