१६ कोटींचं इंजेक्शन सरकारी खर्चात मिळतं का?

प्रश्न : मुंबईत २०२१ साली एका तान्ह्या मुलीच्या १६ कोटींच्या इंजेक्शनसाठी लोकांनी वर्गणी जमवली होती. इंग्लंडमध्ये दवापाणी सरकारीच. तिथे हे इंजेक्शन मागेल त्याला मिळतं का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : मिळतं, पण मागेल त्याला नाही. हे औषध म्हणजे झोल्जेन्स्मा. एसएमए या आनुवंशिक आजारात स्नायूंना हुकूम देणाऱ्या मज्जापेशी मरत जातात. त्याच्या टाइप वन प्रकारातल्या बाळांची मान धरत नाही, पुढे श्वासही अडतो. बिघडलेल्या जनुकाचं काम करणारं जनुक एका निरुपद्रवी विषाणूवर लादून सलाईनसारखं एकदाच चढवतात.

तिकडे नवं औषध घ्यायचं की नाही, याचा हिशेब 'नाइस' ही सरकारी संस्था १९९९ पासून करते. धडधाकट आयुष्याचं एक वर्ष हे तिचं माप. अर्धवट तब्येतीची २ वर्षं म्हणजे १. अशा एका वर्षासाठी २० ते ३० हजार पौंड ही तिची अनेक वर्षांची रूढ मर्यादा होती. अतिदुर्मीळ आजारांत ती १ लाखापासून ३ लाखांपर्यंत ताणता येते. जिवाची किंमत पौंडात मांडणं ऐकायला क्रूर वाटतं. पण तिजोरी एकच असते, आणि इथे दिलेला पैसा दुसऱ्या कुठल्या तरी वॉर्डातून आलेला असतो. निदान हा हिशेब चारचौघांत मांडला जातो.

झोल्जेन्स्माचा छापील भाव होता १७.९ लाख पौंड. मार्च २०२१ मध्ये सरकारी आरोग्यसेवेने तो घासाघीस करून उतरवला. अख्ख्या देशाचं गिऱ्हाईक एकच म्हटल्यावर कंपनीलाही नमतं घ्यावं लागतं. सूट किती, हे मात्र गुपित. नाहीतर इतर देशही तोच भाव मागतील. पैसा करदात्यांचा असताना हे मला खटकतं. शिवाय अटी आल्याच. टाइप वनची ६ महिन्यांपर्यंतची बाळं पात्र, ७ ते १२ महिन्यांची तज्ज्ञ मंडळाने होकार दिला तर. कायमच्या व्हेंटिलेटरवर गेलेलं बाळ वगळलेलं.

आपल्याकडे त्या मुलीसाठी केंद्राने सीमाशुल्क आणि जीएसटी माफ केला. २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात सध्या ५० लाखांपर्यंत मदत मिळते, मुंबईत केईएमसारख्या नेमलेल्या केंद्रांतून. उरलेल्या रकमेसाठी त्याच धोरणात वर्गणी गोळा करणाऱ्या सरकारी संकेतस्थळाची सोय केलेली आहे.