कोणाच्या नजरेने पाहावे?
(किशोरवयीन मुली व त्यांची मासिके : एक अभ्यासपाठ)

शास्त्रभाग : १ शमुवेल १६:१-१३, लूक १:४६-४८, रोम. १२:१-२

गेल्या नाताळापूर्वी आमच्या शब्बाथशाळेत नाटिकेची तयारी चालली होती. मरीयेचे काम कोणाला द्यावे, हे मी ठरवीत होतो. तेव्हा मागच्या बाकावरील तेरा वर्षांच्या एका मुलीने विचारले, "सर, मरीया गोरीच होती का?" वर्ग हसला. मला मात्र हसू आले नाही. कारण ते काम मी वर्षानुवर्षे गोऱ्या मुलीलाच देत आलो होतो, आणि ही गोष्ट माझ्या ध्यानातही आली नव्हती.

आपल्या मुली स्वतःकडे कोणाच्या नजरेने पाहतात? आपण वडीलधारी माणसे चटकन उत्तर देतो : मासिके, सिनेमा आणि आता हातातला फोन. हे उत्तर कितपत खरे आहे, हे एका मासिकाच्या उदाहरणावरून तपासून पाहू.

१. मासिकाने काय शिकविले?

सप्टेंबर १९४४ मध्ये अमेरिकेत 'सेव्हन्टीन' हे मासिक निघाले. किशोरवयीन मुलींसाठी असलेल्या मासिकांत ते पुढे अग्रगण्य ठरले. त्याच्या पहिल्या संपादिका हेलन व्हॅलेंटाईन ह्यांनी मुलींना चांगली पुस्तके व नागरिकाची कर्तव्ये ह्यांविषयीही वाचावयास दिले, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पण मासिक जाहिरातींवर चालते. लवकरच ह्या मासिकाने 'टीना' नावाची एक काल्पनिक मुलगी जाहिरातदारांपुढे उभी केली. ह्या मुलीजवळ खर्चावयास पैसे आहेत, ती मैत्रिणींचे अनुकरण करते, आणि ह्यातच तुमचा फायदा आहे, असा त्याचा आशय होता. म्हणजे वाचणारी मुलगी ही वाचक होती, तशीच ती विकण्याजोगे गिऱ्हाईकही होती. आणि ज्याला आपल्यात काही उणे वाटत नाही, तो ते झाकण्याची वस्तू विकत घेत नाही.

ब्रिटनमध्ये १९६४ ते १९९३ ह्या काळात 'जॅकी' नावाचे साप्ताहिक असेच घरोघरी वाचले गेले. त्यातील मुलींच्या शंकांना उत्तरे देणारे पान फार लोकप्रिय होते. जे आईला विचारता येत नव्हते, ते मुली तेथे विचारीत. हा मुद्दा आपण लक्षात ठेवू.

२. परिणाम कोणावर झाला?

१९९९ साली अमेरिकेतील एका अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पाचवी ते बारावीच्या ५४८ मुलींना प्रश्न विचारण्यात आले होते. आदर्श शरीर कसे असावे ह्याविषयीच्या आपल्या कल्पनेवर मासिकांतील चित्रांचा परिणाम होतो, असे शेकडा ६९ मुलींनी सांगितले. ती चित्रे पाहून वजन कमी करावेसे वाटते, असे शेकडा ४७ जणींनी सांगितले.

ह्यावरून मासिकेच जाळून टाकावी असे कोणास वाटेल. पण २००१ साली प्रसिद्ध झालेला दुसरा प्रयोग पाहा. २१९ मुलींपैकी काहींना 'सेव्हन्टीन' पंधरा महिने घरी पाठविण्यात आले व इतरांना नाही. सर्व मुलींचा एकत्र विचार करता, दोन्ही गटांत टिकाऊ असा फरक दिसला नाही. ज्या मुलींवर बारीक असण्याचे दडपण आधीच होते, ज्या स्वतःच्या शरीराविषयी आधीच नाराज होत्या, किंवा ज्यांना माणसांचा आधार कमी होता, त्यांना मात्र अपाय झालेला आढळला.

बंधुभगिनींनो, बी एकच होते. जमीन निरनिराळी होती. जमीन घरात तयार होते आणि मंडळीतही तयार होते. "उन्हात जाऊ नकोस, काळी पडशील", "एवढे खाशील तर कोण पत्करील तुला?" ही वाक्ये कोणत्या मासिकात छापलेली नव्हती. ती आपल्या ओसरीवर, आपल्या लग्नाच्या बोलण्यांत ऐकू येतात.

३. देव कसा पाहतो?

शमुवेल हा देवाचा संदेष्टा. तरीही बेथलेहेमात इशायाच्या घरी अलीयाबाची उंची व रूप पाहून तो फसला. तेव्हा परमेश्वराने त्याला बजाविले की, मनुष्य बाहेरचे पाहतो, परंतु परमेश्वर हृदय पाहतो (वचन ७). प्रार्थनाशील माणसाची नजरही जगाने घडविलेली असू शकते, हा येथील पहिला धडा आहे. दुसरा धडा असा की, शास्त्र सौंदर्याचा तिरस्कार करीत नाही. दावीद दिसण्यात चांगला होता, हे वचन १२ मध्ये मोकळेपणाने सांगितले आहे. पण त्याची निवड त्यासाठी झाली नाही. म्हणून नटण्याची हौस असलेल्या मुलीला पापी ठरवू नये. तिची किंमत त्यावर ठरत नाही, एवढे तिला कळू द्यावे.

आणि मरीया? तिच्या रूपाविषयी शुभवर्तमानात एक शब्दही नाही. देवाने आपल्या दैन्याकडे पाहिले, ह्याबद्दलच ती त्याची थोरवी गाते.

४. आपण काय करावे?

'सेव्हन्टीन'ची नियमित छापील आवृत्ती २०१८ च्या अखेरीस थांबली. आता तीच चित्रे, अधिक सफाईने बदललेली, फोनवर दिवसभर येत राहतात. नुसत्या बंदीने भागणार नाही. मुलींना पारखावयास शिकवा : हे चित्र कोणी काढले? त्यात काय बदलले? ह्यातून कोणाला पैसा मिळतो? मुलींना हे जमते. २०१२ साली मेन राज्यातील चौदा वर्षांच्या एका मुलीने, दरमहा निदान एकदा तरी बदल न केलेली छायाचित्रे छापावी, असा अर्ज ह्याच मासिकाकडे केला. त्यावर ८० हजारांहून अधिक सह्या झाल्या, आणि मुलींच्या शरीराची व चेहऱ्याची ठेवण चित्रांत बदलणार नाही असे वचन मासिकाला द्यावे लागले.

पण त्याआधी आपली जीभ आवरा. आणि शंकांचे पान मुलींना आपल्याच घरात, आपल्याच वर्गात मिळू द्या.

ह्या वर्षी मरीयेचे काम आम्ही चिठ्ठ्या टाकून देणार आहोत. परंतु मागच्या बाकावरील त्या मुलीच्या प्रश्नाला मी अजून उत्तर दिलेले नाही. "ठाऊक नाही, पण मी चुकलो" एवढे तरी तिला सांगावयास हवे होते. हा पाठ तुमच्या हाती देण्यापूर्वी ते काम मला केले पाहिजे.

वर्गात चर्चेसाठी प्रश्न

१. शमुवेलाची नजर कशामुळे फसली? आपली कशामुळे फसते?
२. मुलींच्या रूपाविषयी आपल्या घरात कोणती वाक्ये सहज बोलली जातात? त्यांतील कोणते आजपासून बंद कराल?
३. आपल्या मंडळीत मुलींना मनातली शंका निर्भयपणे कोणाला विचारता येते?

प्रार्थनेचा विषय : प्रभूने आपल्या सर्वांची दृष्टी नवी करावी, आणि आपल्या मुलींना त्याच्या नजरेतील आपले मोल कळावे.