पेशी कमी, कारण सापडेना : पुढे काय?

प्रश्न : माझे वडील ६७ वर्षांचे आहेत. दोन वर्षं त्यांचं हिमोग्लोबिन ११ च्या आत आणि प्लेटलेट ९० हजारांच्या आसपास आहेत. बी-१२, थायरॉइड, लिव्हर, सगळं तपासून झालं. बोन मॅरोतही काही निघालं नाही. त्यांना त्रास काहीच नाही. डॉक्टर म्हणतात, 'लक्ष ठेवू.' याचा पुढे ब्लड कॅन्सर होतो का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : होतोच असं नाही. पण 'काही निघालं नाही' या एकाच शेऱ्याखाली दोन अगदी वेगळ्या नशिबांची माणसं असतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली ती वेगळी ओळखू येत नाहीत.

फरक जनुकांत असतो. वय वाढतं तसा हाडांच्या मज्जेतल्या (बोन मॅरोतल्या) एखाद्या मूळ पेशीच्या जनुकांत बदल होतो आणि तिची पिलावळ वाढत जाते. इटलीतल्या पाविया इथल्या संशोधकांनी २०१७ मध्ये ६८३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात, पेशी कमी असण्याचं कारण सापडत नव्हतं अशांपैकी ज्यांच्या जनुकांत असा बदल होता, त्यांना पुढे एमडीएससारखा (ब्लड कॅन्सरच्या वर्गातला) मज्जेचा आजार होण्याचा धोका बदल नसलेल्यांच्या जवळजवळ चौदापट निघाला. एसएफ३बी१, एसआरएसएफ२ यांसारख्या जनुकांतला बदल, किंवा दोन-तीन बदल एकत्र, हे जास्त काळजीचं. तपासणीत काहीच बदल नसेल तर बहुतेकांचे आकडे वर्षानुवर्षं तिथल्या तिथे घोटाळत राहतात.

म्हणून डॉक्टरांना विचारा : मायलॉइड जनुकांचं पॅनल झालंय का? ते साध्या रक्तावरही होतं, मज्जा पुन्हा काढावी लागत नाही. महाग आहे, मान्य. पण दोन वर्षांच्या धास्तीपेक्षा त्याचा उपयोग जास्त.

काही जणांच्या बाबतीत घोळ मोजणीतच असतो. नळीतल्या रसायनाने प्लेटलेट एकमेकींना चिकटतात आणि मशीन त्या कमी मोजतं. पूर्व भारतातल्या, विशेषतः बंगालमधल्या, काही निरोगी माणसांच्या प्लेटलेट जन्मतःच आकाराने मोठ्या आणि संख्येने कमी असतात, तरी रक्तस्राव होत नाही. दोन्ही गोष्टी रक्ताच्या स्लाइडवर दिसतात. तुमच्या वडिलांचं हिमोग्लोबिनही उतरलेलं आहे, त्यामुळे एवढ्याने त्यांच्या आकड्यांचा उलगडा होत नाही. तरी स्लाइड जाणकाराने पाहिलेली असावी.

पॅनलमध्ये जनुकांत बदल सापडलाच तर आणखी एक गोष्ट, जी रक्ताच्या काळजीत हमखास विसरली जाते : अशा बदललेल्या पेशी हृदयविकाराचा धोकाही वाढवतात. बीपी, साखर, कोलेस्टेरॉल, तंबाखू यांकडे तेवढंच लक्ष हवं.

'लक्ष ठेवू' म्हणजे हात झटकणं नव्हे. दर तीन ते सहा महिन्यांनी सीबीसी करा, शक्यतो त्याच लॅबमध्ये, आणि सगळे रिपोर्ट तारखेनुसार एका फाइलीत ठेवा. एका रिपोर्टपेक्षा आकड्यांचा उतार महत्त्वाचा. ९० हजार प्लेटलेटवर आपोआप रक्तस्राव सहसा होत नाही. ती भीती आकडा २० हजारांखाली उतरला की खरी. पपईच्या पानांचा रस देऊ नका, मज्जेच्या बिघाडाला तो लागू पडल्याचा आधार नाही. कुठलीही शस्त्रक्रिया किंवा दात काढणं ठरलं, तर आधी ती फाइल त्या डॉक्टरांपुढे ठेवा. पांढऱ्या पेशीही कमी असतील आणि ताप शंभरच्या वर गेला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.