लहान मुलांच्या आईची चाळिशी

चि. सौ. भाचीस मावशीचे अनेक उत्तम आशीर्वाद, विशेष.

पाळी कायमची थांबण्यापूर्वीची जी काही वर्षे असतात, ज्यांत बीजकोशांचे काम एका लयीत न चालता कधी जोराने तर कधी मंदपणे होऊ लागते, त्या काळाला रजोनिवृत्तीपूर्व संक्रमणकाळ म्हणतात. आणि सलग बारा महिने पाळी आली नाही, की मगच रजोनिवृत्ती झाली असे वैद्यक मानते. भारतीय स्त्रियांत ती सरासरी ४६-४७ व्या वर्षाच्या सुमारास येते, आणि संक्रमणकाळ तिच्याआधी साधारणतः चार वर्षे, काहींच्या बाबतीत त्याहून बराच अधिक चालतो. त्यामुळे बेचाळिसाव्या वर्षी पाळीची तारीख मागेपुढे होऊ लागणे, रात्री घामाने जाग येणे, हातात घेतलेली वस्तू कशासाठी घेतली हे क्षणभर न आठवणे, यांत अवेळी असे काही नाही. चाळिशीच्या आत मात्र अशी लक्षणे दिसली, तर तपासणी लांबणीवर टाकू नये.

पूर्वीच्या पिढीत पहिले बाळंतपण विशीत होई, आणि पाळी जाण्याच्या वयात घरात हाताशी आलेल्या मुली, कधी सुनाही असत. आता शिक्षण, नोकरी आणि पुष्कळदा मूल होण्यासाठी घेतलेले दीर्घ उपचार यांमुळे स्त्री छत्तिसाव्या-सदतिसाव्या वर्षी आई होते, आणि मूल पहिलीत जाते न जाते तोच तिचे शरीर या वळणावर येते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी येण्यात तिची काही चूक नाही, पण त्यांचा भार मात्र एकाच शरीरावर पडतो.

या काळात बीज दर महिन्याला सुटेलच असे नसते, म्हणून बीज सुटल्यानंतर तयार होणारे आणि झोपेला पोषक असलेले प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक आधी कमी पडू लागते. इस्ट्रोजेन मात्र सरळ रेषेत न उतरता वर-खाली हेलकावे खात राहते. या हेलकाव्यांनी मेंदूतील तापमान सांभाळणारे केंद्र, म्हणजे हायपोथॅलॅमस, इतके संवेदनशील होते, की एरवी जाणवणारही नाही एवढ्या उबेने ते शरीर तापल्याचा समज करून घेते, त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावते आणि घाम सोडते. यालाच बायका ‘अंगातून वाफा येणे’ म्हणतात, आणि हा शब्द अगदी नेमका आहे.

रात्री मूल आईच्या कुशीत शिरून झोपलेले असते. अडीचच्या सुमारास वाफ छातीतून मानेकडे आणि चेहऱ्याकडे चढते, गाऊन पाठीला चिकटतो. पंखा वाढवला तर मुलाला सर्दी होईल म्हणून तो वाढवला जात नाही. घाम वाळताच थंडी वाजू लागते आणि तेवढ्यात मूल पाणी मागते. पुढे चारपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही. सकाळी साडेसहाला पोळी तव्यावर असताना मोजा टोचतो म्हणून तेच मूल दारात बसकण मारते, खाली शाळेची बस हॉर्न वाजवत असते, आणि आईचा आवाज असा चढतो की तिचा तिलाच तो परका वाटतो. त्यानंतर दिवसभर तिला जी टोचणी लागते, ती या काळातील सर्वांत जड गोष्ट असते. भाचीने एवढे निश्चित समजावे, की हा स्वभावाचा दोष नव्हे आणि आईपणातील उणीवही नव्हे. आठवडेच्या आठवडे तुटलेल्या झोपेचे ते फळ आहे. म्हणून उपायाची सुरुवात राग आवरण्यापासून न करता झोपेपासून करावी.

त्यासाठी आठवड्यातील निदान तीन-चार रात्री मुलाने वडिलांजवळ झोपावे, आणि त्या रात्री पाणी, खोकला, भीतीचे स्वप्न, जे काही उद्भवेल ते जावयांनीच पाहावे. याला मदत म्हणू नये. मूल दोघांचे आहे. सासूबाईंनाही स्पष्ट सांगावे. त्यांनी हा काळ न बोलता काढला असेल, तरी विषय निघाला म्हणजे त्या आपणहून बोलू लागतील असे पुष्कळदा घडते. सुती कपडे, उशाशी पाणी, दुपारनंतर चहा नाही, जेवण लवकर, हे साधे उपाय वाफा थांबवत नाहीत, पण जागरण कमी करतात.

मुलालाही त्याच्या वयाच्या शब्दांत सांगावे: ‘आईला आतून खूप गरम होतंय, थोड्या वेळात बरं वाटेल, तुझ्यावर राग नाही.’ सहा वर्षांच्या मुलाला हे समजते. न सांगितल्यास ते आईच्या बदललेल्या चेहऱ्याचे कारण स्वतःतच शोधते. आवाज चढलाच, तर नंतर जवळ घेऊन चुकले असे म्हणण्यात आईचा मान कमी होत नाही.

हे सारे सोसून काढू असे मात्र ठरवू नये. अमेरिकेत १९९६ मध्ये सुरू झालेल्या ‘स्वान’ या दीर्घ अभ्यासात, ज्या स्त्रियांना वारंवार वाफा येत होत्या त्यांच्यापैकी निम्म्यांचा त्रास सात वर्षांहून अधिक टिकल्याचे आढळले; म्हणजे मूल पहिलीत असताना सुरू झालेला त्रास ते आठवीत जाईपर्यंत चालू शकतो. संप्रेरक उपचारांची भीती मुख्यतः २००२ मध्ये मध्येच थांबवलेल्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीतून पसरली. परंतु तीत सहभागी स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते, आणि साठीच्या आतील बहुतेक निरोगी स्त्रियांत या उपचारांचा लाभ धोक्याहून अधिक असतो, असे आता मानले जाते. स्तनाचा कर्करोग, रक्तात गुठळी होण्याचा पूर्वेतिहास, यकृताचा गंभीर आजार किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असल्यास ते सहसा देत नाहीत, आणि ज्यांचे गर्भाशय शाबूत आहे त्यांना इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टेरॉनवर्गीय औषध द्यावेच लागते. ज्यांना ते चालत नाहीत त्यांच्यासाठी संप्रेरकविरहित औषधेही आहेत. हा निर्णय स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलूनच करावा.

अंगावर फार जात असेल, म्हणजे तासा-दोन तासांनी पॅड बदलावे लागत असेल, मोठ्या गाठी पडत असतील किंवा पाळी सात दिवसांहून लांबत असेल, तर हिमोग्लोबिन व थायरॉइड तपासावे, सोनोग्राफी करावी; राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के भारतीय स्त्रियांत रक्तक्षय आढळला होता, आणि रक्तक्षयाचा थकवा सहज वयाच्या नावावर खपून जातो. अशा वेळी ‘पिशवी काढून टाका’ हा सल्ला पहिल्याच भेटीत मिळाला, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतल्याशिवाय होकार देऊ नये. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या अशा शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी २०१९ मध्ये राज्य शासनाला समिती नेमावी लागली होती. रक्तस्राव आवरणाऱ्या गोळ्या, गर्भाशयात बसवायचे संप्रेरकयुक्त साधन असे मार्ग त्याआधी असतात. आणि शस्त्रक्रियेत बीजकोशही काढले, तर रजोनिवृत्ती एका दिवसात अंगावर येते.

पाळी दोन महिने चुकली म्हणजे संपली असे धरून चालू नये, कारण बीज मधूनच सुटते. गर्भनिरोधन चालू ठेवावे आणि शंका येताच चाचणी करावी. ज्यांना बाळंतपणानंतर नैराश्य आले होते, त्यांना या काळात ते पुन्हा येण्याचा संभव अधिक असतो, हे जावयांनीही लक्षात ठेवावे. मन उदास राहून कशातच रस वाटेनासा झाला, तर डॉक्टरांकडे जावे, आणि रात्री-अपरात्री कोणाशी बोलावेसे वाटल्यास शासनाच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे.

आजपासून एक छोटी वही ठेवावी. पाळीची तारीख, अंगावर किती गेले, रात्री किती वेळा जाग आली, एवढेच तीत लिहावे. या वयात एका दिवसाच्या रक्ततपासणीतील संप्रेरकांचा आकडा पुढच्या आठवड्यात बदललेला असू शकतो, तेव्हा तीन महिन्यांची वही डॉक्टरांना अधिक सांगते. भेटीच्या दिवशी ती सोबत न्यावी, आणि जावयांनी बाहेर न थांबता आत येऊन बसावे.

कळावे, मावशीचे आशीर्वाद.